पंधरा घरांचे कार्ड

आमच्या घरात बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. भाईचा मुदत संपलेला पासपोर्ट, कुवेतहून पैसे पाठवल्याच्या पावत्या, एक बंद पडलेले घड्याळ आणि काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, चपटे, राखाडी प्लास्टिकचे एक कार्ड, एवढे सामान त्यात बारा वर्षे पडून होते. पासपोर्ट आणि पावत्या अम्मी अधूनमधून काढून बघे. कार्डाला मात्र कोणी हात लावत नसे. ते मशीनमध्ये घालायचे नाही, असा घरात कायदाच होता.

आम्ही म्हणजे दोघी बहिणी आणि सर्वांत धाकटा भाऊ. भाई आम्हां सर्वांत थोरला. हे लिहिताना तिघांनी आपापल्या आठवणी एकमेकांशी ताडून पाहिल्या आहेत. जिथे जुळल्या नाहीत तिथे धाकट्याचे मानले आहे, कारण या प्रकरणात गुन्हेगार तोच आणि पंचही तोच. घरात आम्ही आमची कोकणी बोलतो. इथे लिहिताना बरेचसे प्रमाण मराठीत आले आहे, त्याला इलाज नाही.

आमचे घर पेणच्या रामवाडीत, एसटी स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न रात्रभर ऐकू येतात. खालू जेद्दाला नोकरीला होते. १९९९ साली सुट्टीवर आले ते नेहमीच्या टँगच्या बरण्या, निडोचे डबे आणि मखमली ब्लँकेट यांच्या जोडीला प्लेस्टेशन घेऊन. सोनीचे हे मशीन जपानात डिसेंबर १९९४ मध्ये निघाले होते. रामवाडीत ते पहिलेच असावे. निदान आम्ही तरी तसेच सांगत फिरलो.

त्याआधी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा साधा व्हिडिओ गेम होता. त्यात कॅसेट घालायची. कॅसेटवर शेकडो खेळांचा आकडा छापलेला असे, प्रत्यक्षात दहा-पंधराच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. तिथे लाइट गेली की खेळ गेला, परत पहिल्यापासून. प्लेस्टेशनबरोबर आलेल्या या कार्डाने मात्र आम्हांला पहिल्यांदा दाखवले की आज अर्धवट सोडलेला खेळ उद्या तिथूनच उचलता येतो. शाळेत जाऊन यावे, जेवावे, झोपावे, आणि खेळ आपला आपल्यासाठी थांबलेला.

त्या कार्डावर जागा किती? १२८ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला याच्या वीसेक पट जागा लागते. या जागेचे सोळा सारखे भाग असतात, प्रत्येक ८ किलोबाइटचा. पहिला भाग अनुक्रमणिकेसाठी राखलेला, उरलेले पंधरा खेळणाऱ्यांसाठी. पडद्यावर ते पंधरा चौकोन दिसत आणि ज्यात काही साठवले असेल त्यात एक इवलेसे चित्र असे. सोंगट्यांच्या पटासारखे म्हणून आम्ही त्यांना घरे म्हणायचो. पंधरा घरे आणि चार भावंडे. वाटणीवरून जी भांडणे झाली ती जमिनीच्या वाटणीवरूनही होत नसतील.

भाईची तीन घरे कायम ठरलेली. त्यांत त्याची टीम राहत असे.

खालूंनी खेळाच्या ज्या सीडी आणल्या त्या सगळ्या नकला होत्या, मशीनला चिप बसवून घेतलेली होती. त्यांतली एक कोनामीच्या 'विनिंग इलेव्हन'ची. फुटबॉलचा हा खेळ आखातातल्या पोरांत फार चाले, आणि तोही जपानी आवृत्तीतला. सगळा मजकूर जपानी अक्षरांत. आमच्यात कोणालाही त्यातले एक अक्षर येत नव्हते, पण भाईने कुठे वरचे दाबायचे आणि कुठे खालचे, हे सारे पाठ केले होते. या खेळात खेळाडूंची नावे बदलून ती कार्डावर ठेवता येत. इंग्रजी अक्षरे मिळत, तीही मोजकीच. भाईने एका देशाचे अकराच्या अकरा खेळाडू काढून टाकले आणि त्यांच्या जागी रामवाडीची क्रिकेट टीम बसवली.

ही टीम म्हणजे भाताची कापणी झाल्यावर शेतात टेनिस बॉलने खेळणारी पंधरा-सोळा पोरे. त्यांत आगरी होते, कोळी होते, आमच्यातले तीन-चार होते, एक किराणा दुकानदाराचा मुलगा होता. दोघे गणपतीच्या कारखान्यात कामाला. पेण गणपतींसाठी प्रसिद्ध, हे सांगायला नको. पावसाळ्यात शेतात पाणी, क्रिकेट बंद; मग टीम आमच्या ओटीवर. कारखान्यातले दोघे सर्वांत उशिरा येत, कारण त्यांचा हंगाम तोच. हाताला रंग लागलेला असे आणि अम्मी रिमोटला हात लावण्याआधी त्यांना साबण देई. कंट्रोलरला आम्ही सगळे रिमोटच म्हणायचो. अब्बांची अट एकच होती: अजान झाली की आवाज बंद. आवाज बंद होई, खेळ चालू राही.

फुटबॉल खऱ्या मैदानावर यांच्यापैकी कोणीच खेळले नव्हते. त्यामुळे टीव्हीवर कोणाला कुठे उभे करायचे ते भाईच ठरवी. वेगात बॉल टाकणारा पुढच्या फळीत, नुसताच ओरडणारा मधल्या फळीत. मागे, गोलच्या जवळ, बचावाला जायला कोणी तयार नसे. ज्याला मागे टाकले तो आठवडाभर तोंड फिरवून बसे आणि भाई मग नावे खालीवर करी. ती यादी आम्ही तेव्हा रोज पाहिली असेल, पण लक्षात कोणी ठेवली नाही. कार्डावर होतीच ना.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच पावसाने रायगडचेही हाल केले. आमच्या घरात कमरेइतके पाणी आले. भाईने आधी टीव्ही आणि मशीन माळ्यावर चढवले, यावरून अब्बा त्याला पुढे कितीतरी दिवस बोलत होते, कारण तोवर कपड्यांची ट्रंक पाण्यात गेली होती. ट्रंकेच्या तळाशी फोटो होते. पाणी ओसरल्यावर ते एकमेकांना चिकटून एक जाड वडी झाली होती. टीमने जिंकलेला ढाल घेऊन काढलेला फोटो त्यातच होता. दुसरी प्रत नव्हती.

२००६ मध्ये भाई कुवेतला गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि धाकटा अकरा. भाई गेल्यावर पंधरवड्यात धाकट्याला कोणीतरी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ दिला. तो साठवायला एक घर हवे होते आणि कार्ड भरलेले. धाकट्याने भाईची टीम पुसली. हवे होते एक घर, पण टीम पुसायची तर तिन्ही घरे जात. भाई आला की पुन्हा बनवील, असा त्याचा हिशोब होता.

ते दिवस भारनियमनाचे. दोन-तीन दिवसांनी धाकटा आपली शर्यत साठवत असतानाच लाइट गेली. परत आली तेव्हा कार्ड घातल्याबरोबर पडद्यावर जपानी अक्षरांत काहीतरी लांबलचक आले, खाली दोन पर्याय, वर एक आणि खाली एक. आम्ही घाबरून मशीन बंद केले. शुक्रवारी भाईचा फोन आला तेव्हा त्याला सांगितले. तो म्हणाला, "काही दाबू नका. वरचं दाबलंत तर सगळं पुसून नवं करील. कार्ड काढून ठेवा, मी आलो की बघतो." टीम आधीच पुसली आहे हे धाकट्याने त्याला सांगितले नाही. आम्हांलाही सांगितले नाही.

भाई आला नाही. २००८ मध्ये तिथे रस्त्यावरच्या अपघातात त्याचा इंतकाल झाला आणि दफन तिथेच झाले. आमच्या भागात अशी घरे बरीच आहेत, ज्यांच्या माणसांच्या कबरी घरच्यांनी कधी पाहिलेल्या नाहीत. त्यावर इथे जास्त लिहीत नाही. एका खोलीचे सामान एका बॅगेतून आले. कार्ड मात्र इथेच होते आणि त्याच्याबद्दल भाईचा शब्द होता, काही दाबू नका. कायदा तो हा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात आमच्या माळ्यावरचे पत्रे उडाले. लॉकडाऊनमुळे धाकटा घरीच होता. माळ्यावरचे भिजलेले सामान खाली काढताना त्याच्या हाती मशीन लागले, आणि रात्री त्याने डबा उघडला. तोवर त्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होऊन काही वर्षे झाली होती. तो म्हणाला, "काही न दाबता वाचता येईल."

या कार्डात जी चिप असते तिला फ्लॅश मेमरी म्हणतात. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. फ्लॅश हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवले, तेही साठवण्यावरून नव्हे, पुसण्यावरून: मोठा भाग कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एका झटक्यात पुसला जातो म्हणून. विद्युतभार एका बंदिस्त जागेत कोंडून ठेवायचा, एवढीच तिची युक्ती. पण तो भार वर्षानुवर्षे थोडा थोडा पाझरत असतो. म्हणजे डब्यात जपून ठेवले म्हणून कार्ड जपले जात नव्हते. हे ऐकल्यावर अम्मीनेच डबा त्याच्यापुढे सरकवला.

अशा कामात पहिला नियम, बिघडलेल्या कार्डावर एक अक्षरही लिहायचे नाही. आधी जसे आहे तसे सगळे उतरवून घ्यायचे आणि मग जे काही करायचे ते नकलेवर. नव्वदच्या दशकात यासाठी डेक्सड्राइव्ह नावाचे संगणकाला जोडायचे यंत्र मिळे. आता हौशी लोकांनी फुकट वाटलेला मेमकार्डुइनो नावाचा प्रोग्रॅम आहे. तो आर्डुइनोच्या पट्टीत भरला की ती पट्टी प्लेस्टेशन असल्याचे सोंग करते आणि कार्ड तिला सगळे सांगून टाकते. धाकट्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टची तशी एक पट्टी होती. कार्डाच्या तोंडाशी धातूच्या आठ पट्ट्या असतात, त्या त्याने खोडरबराने घासल्या, तारा जोडल्या. पहिल्यांदा वाचले, दुसऱ्यांदा वाचले, दोन्ही नकला जुळेनात. एक तार हलत होती. ती डागून पुन्हा दोनदा वाचले तेव्हा जुळल्या.

कार्डात १०२४ पाने असतात, प्रत्येक पानावर १२८ आकडे. पहिले पान इंग्रजी एम आणि सी या दोन अक्षरांनी सुरू झाले पाहिजे. मशीन आधी तेवढे बघते. आमच्या कार्डावर तिथे भलतेच काही होते. दारावरची पाटी पडली म्हणून हे घरच नव्हे असे म्हणणाऱ्या माणसासारखे ते मशीन आम्हांला सांगत होते की हे कार्ड कोरे आहे, तयार करू का? आत सगळे शाबूत असताना. बारा वर्षे आम्ही ज्याला घाबरलो ते एवढेच होते. भाईचा शब्द मात्र खरा होता. वरचे दाबले असते तर अनुक्रमणिका नव्याने लिहिली गेली असती.

आता अनुक्रमणिका. प्रत्येक घरासाठी तिच्यात एक पान. त्या पानाचा पहिला आकडा संगणकाच्या सोळाच्या मोजणीत लिहिलेला असतो. खेळ जिथे सुरू होतो त्या घराला ५१, मधल्याला ५२, शेवटच्याला ५३. मोकळ्याला ए०. आणि खेळ पुसला की? पाचाच्या जागी फक्त ए येतो. ५१ चे ए१, ५२ चे ए२, ५३ चे ए३. बस्स. घराच्या आत मशीन हातही लावत नाही. सातबारावरून नाव कमी झाले, पण चुलीपाशी भांडी तशीच आहेत, असा हा प्रकार. दुसरे कोणी राहायला येईपर्यंत सारे जागच्या जागी.

धाकट्याने हे आम्हांला समजावले आणि मग तो गप्प झाला. पडद्यावर तिसऱ्या घरापुढे ५१ होते. चौथ्यापुढे ए२, पाचव्यापुढे ए३. म्हणजे मधले आणि शेवटचे होते, सुरुवात नव्हती. तिसऱ्या घरात दुसरे कोणी राहायला आले होते. मशीन पहिले मोकळे घर देते, आणि तेव्हा पहिले मोकळे घर तेच होते. तिथे त्याच्या गाड्यांची शर्यत होती, धडधाकट.

त्या रात्री त्याने चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. आम्ही दोघी बहिणी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर बोलण्याजोगे सुचलेही नाही. अम्मी तसबीह घेऊन बसली होती. तिने विचारले, "तुझा खेळ तरी राहिला का?"

"राहिला."

"मग झालं. तू अकरा वर्षांचा होतास."

मग म्हणाली, "उरलेल्या दोन घरांत काय आहे ते बघ."

प्रत्येक खेळाच्या पहिल्या घरात सुरुवातीला एस आणि सी ही अक्षरे, मग खेळाचे नाव आणि सोळा बाय सोळा ठिपक्यांचे ते चित्र असते. अनुक्रमणिका पार गेली तरी या खुणेवरून घरे शोधता येतात. भाईच्या टीमची ती खूण गेलेली होती. चौथ्या-पाचव्या घरांना ना नाव ना चित्र. धाकट्याने ती नुसत्या आकड्यांच्या रूपात उघडली. डावीकडे आकड्यांच्या रांगा, उजवीकडे त्यांची अक्षरे होत असतील तर ती अक्षरे. पानेच्या पाने टिंबे आणि चिन्हे. आणि मग एकाखाली एक: बारक्या. मास्तर. पेंटर. शेठ. पोपट. डॉन. रिक्षा.

सात नावे, इंग्रजी लिपीत. सारी टोपणनावे, कारण खऱ्या नावांना जागा पुरत नसे. पेंटर म्हणजे कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा. शेठ दुकानदाराचा मुलगा. रिक्षाचा बाप रिक्षा चालवी. खेळात नावांचा क्रम गोलकीपरपासून सुरू होतो, म्हणजे ही पाच ते अकरा नंबरची. मधली आणि पुढची फळी. एक ते चार तिसऱ्या घरात होती.

"आणि तो?" अम्मीने विचारले. "त्याने स्वतःला घातलं नव्हतं का?"

सातांत भाई नव्हता.

नकलेवर धाकट्याने एम आणि सी परत लिहिले. या पानाच्या शेवटी पडताळ्याचा एक आकडा असतो, तो ०ई यायला हवा, तोही बसवला. दुसऱ्या एका जुन्या कार्डावर ती नक्कल चढवून मशीनमध्ये घातली तेव्हा पडद्यावर आमचे चौकोन पुन्हा दिसले. आमच्या दोघींची घरे आली, धाकट्याची शर्यत आली. भाईची टीम मशीनवर येणार नव्हतीच, कारण खेळ आपल्या साठ्याची बेरीज स्वतः तपासतो आणि तिसरा हिस्सा नसलेला साठा तो घेत नाही. जे मिळाले ते सात शब्द.

अम्मीने ते हिशोबाच्या वहीत उर्दूत उतरवून घेतले. तिचे शिक्षण उर्दू शाळेतले. वर एक, दोन, तीन, चार असे आकडे घालून पुढे मोकळे सोडले आणि पाचपासून नावे लिहिली.

धाकट्याने ही गोष्ट पेंटरला सांगितली. पेंटरने जुन्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, आणि मग जे सुरू झाले ते आम्हांला अपेक्षित नव्हते. ज्यांची नावे सातांत होती ते खूश. बाकीच्यांपैकी प्रत्येक जण सांगू लागला की मी मागे होतो. ज्या बचावाच्या जागेवरून तेव्हा रडारड व्हायची, तिच्यासाठी आता चाळिशीला आलेली आठ माणसे हट्ट करत होती. एक जण दुबईहून आवाज पाठवून म्हणाला की डावीकडे आपणच, भाईने आपल्याला शपथ घालून तिथे उभे केले होते. दुसऱ्याने त्याला खोटे पाडले. कोणी भाईला गोलकीपर ठरवले, कोणी म्हणाले, छे, तो रिमोट धरणारा, तो कशाला स्वतःला घालील? आम्ही तिघे रोज ते वाचत होतो. बारा वर्षांत भाईबद्दल इतके लोक इतक्या बेधडक बोलले नव्हते. घरी आले की सगळे आवाज खाली घेत.

पुढच्या वर्षी ईदला रामवाडी स्टँडवरून मिनीडोर चालवणारा एक जण आला. तेव्हाच्या टीममधला, आगरी. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊनच त्याने विचारले, "चाची, माजा नाव कुठं हाय?"

अम्मीने वही काढून त्याच्यापुढे ठेवली. उर्दू त्याला वाचता येईना. धाकट्याने बोट ठेवून एकेक नाव वाचून दाखवले. वरच्या चार मोकळ्या ओळींकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"लिही तुझं तू," अम्मी म्हणाली आणि पेन दिले.

त्याने दोन नंबरपुढे मराठीत आपले नाव लिहिले, पूर्ण, आडनावासकट. एक नंबरची ओळ सोडून दिली. त्यानंतर बकरी ईदला पेंटर एकाला घेऊन आला, त्याने चार नंबर घेतला. तीन नंबरवरून दुबईवाल्याचे आणि इथल्या दोघांचे भांडण अजून मिटलेले नाही.